स्थळनावांचा उगम डेटाबेसमधून कसा शोधायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावं, नद्या, डोंगर यांच्या नावांचा माग काढणाऱ्यांकडून तेच ते प्रश्न फिरून फिरून येतात. ते इथे एकत्र केले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एकाचा धागा दुसऱ्यात गुंतलेला असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. डेटाबेसमध्ये गावाचं नाव टाकलं की उगम कळतो का?

नाही. हे आधीच मान्य केलं तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो. बहुतेक डेटाबेस नाव, अक्षांश-रेखांश आणि जागेचा प्रकार सांगून थांबतात. उगम ठरतो तो जुन्या लेखी रूपांवरून, तिथल्या लोकांच्या उच्चारावरून आणि जागा प्रत्यक्षात कशी आहे त्यावरून. डेटाबेस यात दोन कामं करतो. विखुरलेली रूपं एका जागी आणतो, आणि ‘अशीच नावं आणखी कुठे आहेत?’ याचं उत्तर मिनिटभरात देतो. हे दुसरं काम पूर्वी कार्डांचे खोके भरून व्हायचं आणि त्यात माणसांची उमर जायची.

अपवाद आहेत. आयर्लंडचा ‘लॉगइनम’ किंवा नॉटिंगहॅम विद्यापीठाचा इंग्लंडमधल्या स्थळनावांचा डेटाबेस उघडलात तर नावासोबत त्याचे घटक आणि अर्थही मिळतात. पण तो उगम संगणकाने काढलेला नाही. इंग्लंडमध्ये स्थळनावांसाठीची संस्था १९२३ पासून जुने दस्तऐवज चाळते आहे, त्या कष्टाचं फळ पडद्यावर दिसतं.

२. सुरुवात कुठल्या डेटाबेसपासून करू?

जगभरच्या नावांसाठी जिओनेम्स. एक कोटीहून जास्त ठिकाणं, फुकट, आणि संपूर्ण फाइल उतरवून घेता येते. त्यातला पर्यायी नावांचा तक्ता मुख्य तक्त्यापेक्षा जास्त कामाचा, कारण एकाच जागेची निरनिराळ्या भाषांतली रूपं तिथे असतात. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा २००४ पासून चालू आहे. त्यात जागेला ‘जुनं नाव’, ‘दुसरं नाव’, ‘व्युत्पत्ती’ अशा खुणा जोडता येतात. विकिडेटा हा विकिपीडियाच्या परिवारातला खुला माहितीसाठा २०१२ चा, त्यात ‘कशावरून नाव पडलं’ असा स्वतंत्र गुणधर्म आहे. अमेरिकेतल्या नावांसाठी तिथल्या सरकारचा जीएनआयएस.

भारतातल्या गावांसाठी मी २०११ च्या जनगणनेची गावयादी सांगाडा म्हणून घेतो आणि बाकी सगळं तिला जोडतो. महाराष्ट्राचीच ४३ हजारांहून जास्त गावं त्यात आहेत, ओसाड गावं धरून, आणि प्रत्येकाला सहा आकडी संकेतांक आहे. नाव बदललं, स्पेलिंग बदललं, तरी आकड्यावरून गाव ओळखता येतं. चालू प्रशासकीय रचनेसाठी सरकारची लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी पाहावी.

३. मला प्रोग्रामिंग येत नाही. स्प्रेडशीट पुरेल का?

पुरेल. चार-पाच हजार ओळींपर्यंत खुशाल चालवा. खरा प्रश्न रकान्यांचा असतो. नवखा माणूस एका ओळीत एक गाव लिहितो आणि तिथेच फसतो. एका ओळीत एक नोंद हवी. पुण्याचं उदाहरण घ्या:

पुण्यविषय, इ.स. ७५८, राष्ट्रकूट ताम्रपट
पुणकविषय, इ.स. ७६८, राष्ट्रकूट ताम्रपट
पूना, एकोणिसावं शतक, इंग्रजी गॅझेटियर

(‘विषय’ म्हणजे त्या काळचा प्रांत.) गाव एक, ओळी तीन. प्रत्येक ओळीला रूप, लिपी, वर्ष, साधन, पान आणि गावाचा संकेतांक. ‘रूप’ या रकान्यात साधनात जे आहे ते जसंच्या तसं उतरवा. चूक वाटली तरी सुधारू नका. सुधारलेलं रूप शेजारच्या रकान्यात जाईल. शक वर्ष असेल तर ते तसंच ठेवा आणि ७८ मिळवून येणारा इसवी सन वेगळा लिहा (तिथीनुसार एका वर्षाचा फरक पडू शकतो).

दोन बारीक पण डोकेदुखीच्या गोष्टी. संकेतांकाचा रकाना ‘मजकूर’ म्हणून ठरवा, नाहीतर आकड्याआधीची शून्यं गायब होतात. आणि फाइल साठवताना यूटीएफ-८ ही सगळ्या लिप्या टिकवणारी पद्धत निवडा. ते विसरलात तर दुसऱ्या दिवशी देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसेल.

४. जुनी रूपं मिळतात कुठे?

जितकी जुनी, तितकी सार्वजनिक. शिलालेख आणि ताम्रपट ‘एपिग्राफिया इंडिका’च्या खंडांत छापले गेले आणि ते आता स्कॅन स्वरूपात आहेत. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण, तगर म्हणजे तेर, कल्याण आणि बारिगाझा म्हणजे भरूच सापडतात. दुसऱ्या शतकात भूगोलकार टॉलेमी पैठणला ‘बैठाना’ म्हणतो. इंग्लंडच्या अभ्यासकांकडे १०८६ सालचं डूम्सडे बुक, म्हणजे राजाने करवलेली जमिनींची पाहणी, आहे; तिथल्या हजारो गावांची पहिली नोंद त्यातच होते.

मधल्या काळासाठी मोडी दफ्तरं, महसुली कागद आणि सनदा. एकोणिसाव्या शतकासाठी गॅझेटियर आणि एक इंचाला एक मैल या प्रमाणातले सर्वेक्षण-नकाशे. या नकाशांवर आज यादीतून गेलेल्या वाड्या, ओढे, खिंडी नावानिशी असतात. नावातला एखादा शब्द आज वापरात नसेल तर मोल्सवर्थचा १८५७ चा शब्दकोश ऑनलाइन शोधता येतो.

स्कॅन केलेल्या मजकुरात शोध घेताना यंत्राने अक्षर चुकीचं वाचलं असणार हे गृहीत धरा. एकच स्पेलिंग शोधून ‘सापडत नाही’ म्हणू नका.

५. इंग्रजी यादीत नाव मिळालं, पण मराठीत ते नक्की काय हे कसं ओळखू?

रोमन लिपीत ल आणि ळ एक होतात. ट-त, ड-द, ण-न यांचंही तेच, आणि अ-आ सुद्धा. खानदेशातलं जळगाव आणि दापोली तालुक्यातलं जालगाव यांचं इंग्रजी स्पेलिंग तंतोतंत सारखं आहे. मी एकदा इंग्रजी नावांवरून दोन याद्या जोडल्या आणि दोन्ही गावं एका ओळीत कोंबली. नावाच्या पहिल्या भागात ‘जळ’ आहे की ‘जाल’ यावरच सगळी चर्चा अवलंबून, आणि माझ्या तक्त्यात नेमका तोच फरक पुसला गेला होता. तेव्हापासून स्पेलिंगवरून कधी जोडत नाही, संकेतांकावरून जोडतो.

जुन्या इंग्रजी रूपांची वेगळीच तऱ्हा. किर्की म्हणजे खडकी, बसीन म्हणजे वसई, बँडोरा म्हणजे वांद्रे, साल्सेट म्हणजे साष्टी. अशा जोड्यांचा छोटा तक्ता स्वतःजवळ ठेवावा.

उच्चारावरून जुळवणी करणाऱ्या पद्धतींबद्दलही विचारणा होते. साउंडेक्सचं पेटंट १९१८ चं, इंग्रजी आडनावांसाठी बेतलेलं. ते पहिलं अक्षर जसंच्या तसं धरतं, त्यामुळे ‘व’ने आणि ‘ब’ने सुरू होणारी रूपं कधीच जवळ येत नाहीत, मग बँडोरा आणि वांद्रे भेटणार कुठे? दोन शब्दांत किती अक्षरं बदलावी लागतात हे मोजणारं लेव्हेनश्टाइन अंतर जास्त उपयोगी. तरी त्याने सुचवलेली प्रत्येक जोडी डोळ्यांनी तपासावी लागते.

६. नाव यादीत दिसतंय, पण शोधलं तर सापडत नाही. असं का?

नव्वद टक्के वेळा दोष लेखनाचा असतो. तीन नेहमीचे संशयित:

पहिला अनुस्वार. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढले. त्याआधीच्या, आणि सवयीने त्यानंतरच्याही, याद्यांमध्ये ‘गांव’ असतं. तुम्ही ‘गाव’ शोधलंत तर अर्धी यादी हुकते.

दुसरा ऱ्हस्व-दीर्घ: पुर आणि पूर, बुद्रुक आणि बुद्रूक.

तिसरा डोळ्यांना दिसतच नाही. ‘ऱ’ हे अक्षर संगणकात एकसंध साठवता येतं आणि ‘र’ला खाली नुक्ता जोडूनही. पडद्यावर दोन्ही सारखी, संगणकाला निराळी. उपाय म्हणजे युनिकोड नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराच्या अशा निराळ्या साठवणी एका रूपात आणणं. बहुतेक साधनांत ते एका आज्ञेचं काम आहे.

मी शोधासाठी वेगळा ‘चुरा’ रकाना करतो: अनुस्वार काढलेले, सगळे इकार-उकार ऱ्हस्व, ळ चा ल. शोध त्यात, वाचन मूळ रकान्यात.

७. नावाच्या शेपटावरून काय कळतं?

पुष्कळ, आणि डेटाबेसची खरी मजा इथेच आहे.

‘नेर’वर संपणारी नावं काढा. पारनेर, संगमनेर, अंमळनेर अशी रांग लागते. या ‘नेर’मागे ‘नगर’ मानतात. शोध महाराष्ट्राबाहेर नेलात तर राजस्थानात बिकानेर, सांगानेर, जोबनेर भेटतात. आता तोच शोध जरा सैल करून ‘एर’वर संपणारी नावं मागा. लगेच अजमेर आत घुसतं, आणि त्याचा नगराशी संबंध नाही; ते अजयमेरू. म्हणून शोधाचा साचा किती घट्ट ठेवला होता हेही नोंदीत लिहावं.

डोंबिवली, बोरिवली, कांदिवली यांतला ‘वली’ हा ‘पल्ली’चा, म्हणजे छोट्या वस्तीचा, वंशज. ‘ऊर’चं प्रकरण गुंतागुंतीचं. लातूरचं जुनं रूप ‘लत्तलूर’, राष्ट्रकूटांच्या बिरुदात ते येतं, आणि त्यातला ‘ऊर’ द्राविडी भाषांतला वस्तीवाचक शब्द आहे. पण प्राकृतात दोन स्वरांमधला ‘प’ झिजतो आणि ‘पूर’चाही ‘ऊर’ होऊ शकतो. आजच्या रूपावरून दोन्ही सारखेच दिसतात. निकाल लावायला जुनं रूपच हवं (प्रश्न ४).

ही नावं नकाशावर ठिपक्यांनी मांडली की आणखी काही दिसतं. इंग्लंडमध्ये ‘बी’वर संपणारी ग्रिम्सबी, व्हिटबी, डर्बीसारखी नावं पूर्वेला आणि उत्तरेला दाटलेली आहेत, म्हणजे डेन लोकांची वस्ती होती तिथे. मँचेस्टरमधला ‘चेस्टर’ लॅटिन ‘कास्त्रा’पासून, म्हणजे छावणी, रोमन ठाण्यांच्या जागी ही शेपटं हमखास येतात. एकेका नावाचा अर्थ लावताना डोकं खाजवावं लागतं, पण शंभर ठिपके एकत्र पडले की निदान वस्तीचा इतिहास बोलायला लागतो.

८. बुद्रुक आणि खुर्द यांचं काय करू?

वेगळ्या रकान्यात काढून ठेवा. दोन्ही फारसीतून आले, बुजुर्ग म्हणजे मोठं आणि खुर्द म्हणजे लहान. ते नावाचा नव्हे, जोडगावं ओळखण्याच्या सोयीचा भाग आहेत. लोकसंख्येशी त्यांची सांगड घालू नका. आज कित्येक खुर्द आपल्या बुद्रुकापेक्षा मोठी झाली आहेत. याद्यांमध्ये ‘बु.’ आणि ‘खु.’ असे संक्षेपही येतात.

९. गावात सांगितली जाणारी कथा नोंदवायची की सोडून द्यायची?

नोंदवायची, पण ‘पुरावा’ म्हणून नाही, ‘परंपरा’ म्हणून. सोलापूरबद्दल सगळे सांगतात की सोळा गावांचं मिळून झालं म्हणून सोलापूर. शिलालेखांतली रूपं लावून पाहा: आधी सोन्नलगे, मग शके १२३८ म्हणजे १३१६ च्या कामतीच्या लेखात सोनलीपूर, पुढे किल्ल्यातल्या लेखांत सोनलपूर आणि संदलपूर. सोळा कुठेच नाहीत. ‘सोनल’चं ‘सोला’ झालं आणि मग आकडा सुचला.

नाशिकच्या नावासाठी शूर्पणखेच्या नाकाची कथा आहे आणि नऊ शिखरांचीही. पांडवलेण्यांतल्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेखात ‘नासिक’ हे रूप आजच्याच घडणीचं आहे. म्हणजे नऊ शिखरं झिजून नाशिक व्हायला वेळ होता कधी? नाकाची गोष्ट या रूपाला जुळते, पण जुळणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं.

मुंबईसाठी पोर्तुगीज ‘बॉम बाईया’, म्हणजे ‘चांगली खाडी’, अजून छापलं जातं. पोर्तुगीजमध्ये ‘बाईया’ स्त्रीलिंगी आहे, तिला विशेषण ‘बोआ’ लागेल, ‘बॉम’ नव्हे. ज्यांची भाषा आहे तेच व्याकरण चुकवतील हे पटत नाही.

१०. सगळ्यांत जुनं रूप तेच अस्सल, बरोबर?

बहुतेकदा सर्वांत उपयोगी. अस्सल असेलच असं नाही. ताम्रपट लिहिणारा संस्कृतज्ञ असायचा आणि बोलीतल्या नावाला तो संस्कृतचा अंगरखा चढवायचा. पुण्याचं ७५८ चं ‘पुण्य’ आणि दहा वर्षांनंतरचं ‘पुणक’ शेजारी ठेवा. ‘पुण्य’ जुनं आहे खरं, पण ‘पुणक’ला काही अर्थ चिकटवलेला नाही, म्हणून मला ते लोकांच्या तोंडच्या रूपाला जवळचं वाटतं. हे माझं मत. तक्त्यात मात्र दोन्ही रूपं समान मानाने बसतात.

यॉर्कचा प्रवास याहून रंजक. रोमन काळात एबोराकम, मुळाशी केल्टिक शब्द, बहुधा यू झाडाचा. अँग्लो-सॅक्सन लोकांना तो कळेना, त्यांनी त्यात आपला ‘रानडुक्कर’वाचक शब्द ऐकला आणि एओफोरविक केलं. नॉर्स आले, त्यांनी योर्विक केलं, त्याचं यॉर्क झालं. तुमच्याकडे फक्त मधलंच रूप असतं तर तुम्ही छातीठोकपणे रानडुकरांचं गाव म्हणाला असता.

आणखी एक: पहिल्या उल्लेखाचं वर्ष म्हणजे गावाच्या जन्माचं वर्ष नव्हे.

११. तीन डेटाबेस एकच गोष्ट सांगतात. एवढं पुरेसं आहे ना?

तिघांनी एकमेकांचंच उतरवलं असेल तर तो एकच साक्षीदार. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या दोन नकाशाकारांनी आपल्या आद्याक्षरांची उलटापालट करून न्यूयॉर्क राज्याच्या नकाशावर ‘अ‍ॅग्लो’ नावाचं खोटं गाव टाकलं, नकलाकारांना पकडायला. पुढे कुणीतरी नकाशावर नाव पाहून तिथे त्याच नावाचं दुकान काढलं, आणि गाव अर्धवट खरं झालं! प्रत्येक नोंदीत ‘यांनी कुठून घेतलं’ हे शोधा. विकिडेटातल्या विधानाखाली संदर्भ नसेल तर ते विधान ऐकीव समजा.

अक्षांश-रेखांशही तपासा. माहिती नसलेल्या जागी शून्य भरलं जातं आणि गाव थेट गिनीच्या आखातात, शून्य अक्षांश-शून्य रेखांशावर जाऊन पडतं. नकाशावाले त्या जागेला गमतीने ‘नल आयलंड’ म्हणतात.

१२. गावाचं नाव बदललं असेल, किंवा गावच हललं असेल तर?

नाव बदललं तर जुनी ओळ खोडू नका, नवी जोडा आणि दोन्हींना ‘पासून-पर्यंत’ वर्षं द्या. खडकी, औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर, एका शहराच्या या सगळ्या ओळी हव्यात. त्यातली खडकी पुण्याजवळच्या खडकीत मिसळणार नाही याची काळजी संकेतांक घेईल.

गाव हललं असेल तर धोका जास्त, कारण तो दिसत नाही. धरणाखाली गेलेली गावं नाव घेऊन वर सरकली. उजनीच्या जलाशयात जुनं पळसदेव बुडालं; आजच्या पळसदेवचे अक्षांश-रेखांश त्या जुन्या जागेचे नाहीत. नदीकाठ, डोह, संगम यांवरून पडलेलं नाव माळरानावरच्या नव्या जागेशी ताडलंत तर अर्थ बसणारच नाही. अशा वेळी जुना सर्वेक्षण-नकाशा आधी, उपग्रहचित्र मागाहून. स्थलांतरितांनी दूर देशी नेलेल्या नावांनाही, जसं अमेरिकेतलं बोस्टन, हाच नियम: अर्थ मूळ गावात शोधायचा.

१३. वाचनचुकीतून नाव तयार होऊ शकतं का?

हो, आणि ते टिकतंही. स्कॉटलंडची हेब्रिडीज बेटं मुळात ‘हेबुडीज’. लॅटिन हस्तलिखितातला ‘यू’ कुणीतरी ‘आर-आय’ असा वाचला. तिथलाच ग्रॅम्पियन डोंगर पंधराव्या शतकात छापलेल्या प्रतीत ‘ग्राउपियस’चं ‘ग्रॅम्पियस’ झाल्यामुळे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळे नसतात आणि शब्दही तोडून लिहिलेले नसतात, त्यामुळे लिप्यंतर करणाऱ्याने नाव कुठे तोडलं हे मूळ कागदावर पाहणं भाग आहे.

१४. आमच्या गावासारखंच नाव दुसऱ्या खंडात सापडलं. काही संबंध असेल का?

पेरूमध्ये टिटिकाका सरोवराकाठी पुनो नावाचं शहर आहे. पुण्याशी त्याचं काही नातं नाही. लाखो नावं आणि मोजके ध्वनी म्हटल्यावर अशा जोड्या पडणारच. जिओनेम्समध्ये दोन अक्षरी नाव टाकून पाहा. संबंध मानायचा तर माणसं तिथून इथे आली याचा स्वतंत्र पुरावा हवा.

१५. एआयला विचारलं तर चालेल का?

जुन्या मजकुराचं लिप्यंतर तपासायला, शोधाचा साचा लिहून घ्यायला, स्पेलिंगचे पर्याय सुचवायला चालेल. उगम विचारलात तर बहुधा प्रश्न ९ मधल्यासारखी एखादी कथा ठामपणे ऐकवेल, वर ताम्रपटाचं सालही देईल. ते साल खंड उघडून पाहिल्याशिवाय तक्त्यात घेऊ नका.

१६. ‘उगम सापडला’ असं कधी म्हणायचं?

मी तीन खुणा वापरतो. ‘पक्का’: निदान दोन स्वतंत्र जुनी रूपं, त्यांच्यापासून आजच्या रूपापर्यंत ध्वनिबदल त्या भाषेच्या सवयीप्रमाणे, आणि अर्थ जागेला किंवा इतिहासाला धरून. ‘संभाव्य’: यातलं एक कमी. ‘अंदाज’: फक्त आजच्या रूपावरून. वडगाव, पिंपळगाव, उंबरगाव अशी झाडांची नावं सोपी वाटतात आणि बहुतेकदा असतातही, तरी जुनं रूप न पाहता मी त्यांना ‘संभाव्य’च्या वर चढवत नाही. माझ्या तक्त्यात ‘अंदाज’च्याच ओळी सर्वांत जास्त आहेत.

१७. मी जमवलेली माहिती खुल्या डेटाबेसमध्ये टाकू का?

टाका, पण परवाने वेगवेगळे आहेत. विकिडेटावर टाकलेलं कुणीही अटीविना वापरू शकतं. जिओनेम्समधून घेतलंत तर श्रेय द्यावं लागतं. ओपनस्ट्रीटमॅपमधून घेऊन त्यावर स्वतःचा डेटाबेस उभारून प्रसिद्ध केलात, तर तोही त्याच परवान्याखाली खुला ठेवावा लागतो. म्हणून तिथली माहिती उचलून विकिडेटावर टाकता येत नाही. हक्क राखीव असलेल्या नकाशावरून नावं उतरवून कुठेच चढवू नका. आणि ओपनस्ट्रीटमॅपच्या मुख्य नावाच्या खुणेत आज पाटीवर आणि लोकांच्या तोंडी असलेलं नावच राहू द्या. तुमचं आठव्या शतकातलं रूप कितीही देखणं असलं तरी त्याची जागा ‘जुनं नाव’ या खुणेत.